धुतलेलं लुगडं

दवाखान्यात खाटेशेजारी सलाईनची बाटली टांगतात ना, तिची एखादी बहीण आधी सशाच्या कानात गेलेली असते. हे कुणाला ठाऊक असतं? आपल्याला सुई टोचली की आपण 'आई गं' म्हणून मोकळे. धुळ्याच्या एमआयडीसीत असाच एक सलाईनचा कारखाना होता. मागच्या अंगाला पत्र्याचं लांबट पशुगृह, त्यात चाळीस पांढरे ससे, आणि त्या चाळीस जिवांचं हक्काचं माणूस म्हणजे बिजलीबाई.

परीक्षा सांगायला सोपी. बाटल्यांचा नवा लॉट निघाला की त्यातलं थोडं पाणी तीन सशांच्या कानाच्या शिरेत सोडायचं. त्याआधी त्यांना लाकडी खोड्यात बसवायचं, म्हणजे डोकं तेवढं बाहेर. मागून थर्मामीटर लावायचा आणि तीन तास ताप बघत राहायचं. ताप चढला तर पाण्यात घाण आहे, सगळा लॉट फेकून द्या. नाही चढला तर बाटल्या चालल्या दवाखान्यात. पण ससा हा जन्माचा भित्रा प्राणी. दार आपटलं, कुणी शिंकलं, अनोळखी हात लागला, तरी त्याचं अंग तापतं. मग पाणी गंगेसारखं असलं तरी परीक्षा नापास. म्हणून तीन तास त्यांना शांत ठेवणारं कुणीतरी लागतं. ते काम कुठल्या यंत्राला जमत नाही, आणि साहेबांना तर नाहीच नाही.

बिजलीबाईला जमायचं. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला तिचं माहेर. लग्नानंतर नवऱ्यामागे, मंगामागे, ती धुळ्याला आली. मंगा मार्केट यार्डात हमाल. ती या कारखान्यात झाडू मारायला लागली आणि एक दिवस सशांकडं आली ती तिथलीच झाली. आठ वर्षं झाली होती. सकाळी सहाला यायची, लसूणघास निवडून घालायची, उन्हाळ्यात खिडक्यांना ओली पोती बांधायची, आणि परीक्षेच्या दिवशी खोड्यांसमोर मांडी घालून आपल्या घरच्या बोलीत काहीबाही पुटपुटत बसायची. ससे डोळे अर्धे मिटून ऐकायचे. खोटं वाटेल, पण तिच्या हाताखाली एकाही सशाला उगाच ताप आला नव्हता.

आणि तरी ती होती रोजंदारीवर. आठ वर्षं! दर सहा महिन्यांनी आठ दिवस तिला 'ब्रेक' द्यायचे, म्हणजे कायद्यानं सलग नोकरी दिसायला नको. त्या आठ दिवसांत पशुगृहाचे प्रमुख रुपचंदसाहेब एकही परीक्षा लावायचे नाहीत. कागदावर लिहायचे, उपकरणांची दुरुस्ती. अहो, कसली दुरुस्ती? उपकरण घरी चुलीपुढं बसलेलं असायचं. साहेबांना हे पक्कं कळत होतं. कळून सवरून गप्प बसायचं म्हणजे काय असतं ते साहेबांकडून शिकावं.

बिजलीबाईला एकच गोष्ट हवी होती. कायम व्हायचं होतं. लहानपणापासून तिनं एक वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की तिला त्याची धास्तीच बसली होती: उद्या येऊ नको. जंगलखात्याच्या कामावर, कापसाच्या शेतात, विटांच्या भट्टीवर, सगळीकडं संध्याकाळी कुणीतरी बोट दाखवायचं, तू उद्या येऊ नको. एकदा तरी असं काम मिळावं की जिथं हे वाक्य कुणाला बोलताच येणार नाही, एवढंच तिचं मागणं. आता हे काय फार होतं?

अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलात तो आला. वाल्मीक त्याचं नाव. व्हेटरनरी कॉलेजात शेवटच्या वर्षाला. कॉलेजनं प्रत्येकाला सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला कुठं कुठं पाठवलं होतं. बाकीच्यांना डेअऱ्या, घोड्यांचे तबेले मिळाले, याच्या वाट्याला आले प्रयोगशाळेचे ससे. तोंड पाडूनच आला बिचारा. आल्या आल्या पिंजऱ्यात हात घातला आणि ससा कान धरून उचलला. सशानं मागच्या पायानं मनगटापासून कोपरापर्यंत असा ओरखडा काढला की गड्याच्या डोळ्यांत पाणी.

"अरे भाऊ, कान धरीसन उचलतस का कोनी?" बिजलीबाई कडाडली. "तुना कान धरीसन तुले उचलू का?"

साहेबलोकांसमोर ती अशी कधी बोलायची नाही. तोंडातून निघून गेलं आणि ती चपापली. पण पोरगा हसला आणि तिच्याच बोलीत म्हणाला, "चुकनं, अक्का. आमना घर म्हशी शेतस, ससा नही."

"अगं बाई! तू तर आपलाच शे. कोठला?"

"एरंडोलना."

झालं. तिथंच ती विरघळली. आठ वर्षांत पांढऱ्या कोटातला एकही माणूस तिच्याशी तिच्या बोलीत बोलला नव्हता, आणि अक्का तर सोडाच, नुसतं नावानं हाक मारणारेही थोडे. बाकी सगळ्यांची ती 'ए बाई' होती.

दुसऱ्याच दिवशी रुपचंदसाहेबांनी दोघांना बोलावलं. म्हणाले, "यंदा जळगावच्या हेड ऑफिसनं पशुगृहात एक जागा कायम करायचं ठरवलंय. वाल्मीक, तुझा ट्रेनिंगचा रिपोर्ट तिथं जाईल. इथलं काम कसं चालतं ते नीट लिही. कॉलेजचा कागद म्हटलं की शेठजी मानतात. बाईंचं काम चांगलं वाटलं तर तेही लिही." आणि बिजलीबाईकडं बघून म्हणाले, "बाई, याला सगळं दाखवा. काही हातचं राखू नका."

हातचं राखायचं? तिनं पोराला सगळं उघडून दिलं. सशाला एका हातानं मानेची कातडी आणि दुसऱ्या हातानं बूड धरून कसं छातीशी घ्यायचं. घास दव सुकल्यावरच का घालायचा. थर्मामीटरच्या आधी कानाला हात लावून ताप कसा ओळखायचा. तिनं कानाला बोट लावून आकडा सांगायचा आणि वाल्मीकनं थर्मामीटर बघायचा, हा खेळच झाला दोघांचा. "अक्का, तू तर डॉक्टर शे," तो म्हणायचा. आणि ती पदर तोंडाशी धरून हसायची. पहिले दोन आठवडे तो शिरला की ससे तापायचे. मग तिनं त्याला सांगितलं, रोज एकच सदरा घालीसन ये, आनी तो वासवाला साबन सोड. त्यानं ऐकलं. तिसऱ्या आठवड्यात ससे त्याला खपवून घ्यायला लागले. एक म्हातारी ससीण होती, उजव्या कानाला खाच असलेली. ती सहसा कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. तीसुद्धा एकदा त्याच्या मांडीवर दोन मिनिटं बसली. पोराचा चेहरा काय फुलला होता म्हणून सांगू!

प्रत्येक खोड्यात, सशाच्या हनुवटीखाली, कापडाची एक घडी असायची. ती बिजलीबाईच्या जुन्या लुगड्याची. लुगडं आठ-दहा दिवस नेसायचं, मग फाडून तुकडे करायचे, झटकून उन्हात टाकायचे, बस. साबणाचं बोटही लावायचं नाही. ससा खोड्यात बसला की आधी त्या घडीत नाक खुपसायचा, दोन-चार वेळा हुंगायचा आणि निवांत व्हायचा. बाई समोर असो नसो, त्याला वाटायचं ती इथंच आहे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तान्ह्या पोराला झोळीत घालताना आया आपला पदर खाली अंथरतातच की.

एक दिवस वाल्मीकनं विचारलं, "आनी अक्का, हाई कापड काबरं ठेवस?"

"मनं लुगडं शे ते," ती म्हणाली. "त्यासले बरं वाटस."

तिच्या मते एवढ्यात सगळं आलं. त्यानं घडी चिमटीत धरून चोळून पाहिली. "मऊ शे," म्हणाला आणि वहीत लिहिलं. ती तेव्हा घास निवडत होती, तिनं काही लक्ष दिलं नाही.

शेवटच्या रविवारी तिनं त्याला घरी जेवायला बोलावलं. कळण्याची भाकरी, भरीत, वर कच्च्या तेलाची धार. मंगानं शेजारून खुर्ची मागून आणली, पण वाल्मीक खाली तिच्याजवळ पाटावरच बसला. चार भाकरी खाल्ल्या. आपल्या आईबद्दल बोलला. ती पण सकाळी सहाला गोठ्यात असते म्हणाला. निघताना बिजलीबाईनं रीतीप्रमाणं त्याला टॉवेल-टोपी दिली. घरचा पाहुणा, शिकलेला पोरगा, रिकाम्या हातानं कसा पाठवायचा? तो वाकून पाया पडला, तिनं संकोचानं पाय मागं घेतले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिला राहवलं नाही.

"मी कायम व्हसू ना रे भाऊ?"

"व्हशी, अक्का. तुनं नाव पहिला पानवर लिखसू. देखजो."

जून गेला, जुलै गेला. बिजलीबाई रोज रुपचंदसाहेबांच्या तोंडाकडं बघायची. ऑगस्टात जळगावहून कागद आला की बाईंना अमुक तारखेला मुलाखतीला पाठवा. साहेब जीपनं गेले, ती एसटीनं. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. सबंध रस्ता ती मनातल्या मनात शहरी बोलणं घोकत होती: होय साहेब, मला सगळं काम येतं साहेब.

हेड ऑफिसात एका लांब टेबलामागं तिघं बसले होते. मालक रतिलालशेठ, आपले रुपचंदसाहेब, आणि नोकरभरतीचं बघणाऱ्या प्रमिलाबाई. टेबलावर निळ्या पुठ्ठ्याचा रिपोर्ट होता. बिजलीबाईनं तो बघितला आणि तिचा जीव भांड्यात पडला. आता आपल्याला बोलायचीही गरज नाही, पोरानं सगळं बोलून ठेवलंय.

"बाई, रिपोर्ट इंग्रजीत आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी मराठीत सांगते."

"पहिल्या पानावर माझं नाव असेल," बिजलीबाई म्हणाली. "तिथून सांगा."

प्रमिलाबाईंनी पहिलं पान बघितलं. त्यावर आभार होते. प्राचार्यांचे, सरांचे, शेठजींचे, रुपचंदसाहेबांचे, आईवडिलांचे. त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागं आल्या. "नाव नाहीये बाई," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी पुढचं वाचलं. सशांच्या खोड्यात मऊ, जुनं सुती कापड ठेवल्यास ससे शांत राहतात, असं माझ्या निरीक्षणात आलं. माझ्या! सशाचा ताप कानाच्या स्पर्शावरून अंदाजे सांगता येतो, असं मी पडताळून पाहिलं. मी! बिजलीबाई ऐकत होती. अजून तिला वाटत होतं, पुढं येईल, शेवटी येईल. शेवटचं पान 'उणिवा आणि सूचना' असं होतं. प्रमिलाबाई जरा थांबल्या. शेठजींनी मान हलवली तेव्हा त्यांनी वाचलं. पशुगृहातील स्त्री-मजूर निरक्षर व अप्रशिक्षित आहे. खोड्यांत वापरली जाणारी कापडं मळकी असून ती धुतली जात नाहीत. कापडं दर वेळी सोड्यात उकळून धुवावीत. किमान बारावी पास, प्रशिक्षित परिचर नेमावा.

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. बिजलीबाईनं रुपचंदसाहेबांकडं बघितलं. आठ वर्षांतला एकही ताप तिच्यामुळं चढला नव्हता हे या जगात एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस टेबलावरचा पेपरवेट फिरवत होता.

"बाई कष्टाळू आहेत," साहेब पुटपुटले. "पण आता कॉलेजचंच मत म्हटल्यावर..."

"आमचा इलाज नाही, बाई," रतिलालशेठ म्हणाले. माणूस वाईट नव्हता, कागद वाचून बोलत होता. "एक तारखेपासून नवा माणूस येईल. तोवर या. मग येऊ नका."

बघा, आलंच शेवटी ते वाक्य. साडेतीनशे रस्ते चुकवून आली होती बिचारी, तरी त्यानं तिला गाठलंच.

घोकलेलं शहरी बोलणं सगळं विरून गेलं. ती प्रमिलाबाईंना एवढंच म्हणाली, "ते मळकीचं परत एकदा वाचा." प्रमिलाबाईंनी वाचलं. त्यांचा आवाजही जरा कापला. बिजलीबाईनं हात जोडले आणि ती बाहेर आली.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. संताप म्हणजे काय, अंगाची लाही लाही होत होती. शेठजींचा नाही, रुपचंदसाहेबांचाही नाही. त्यांनी तिला कधी अक्का म्हटलं नव्हतं, त्यांच्या ताटात तिनं कधी भरीत वाढलं नव्हतं. परक्यानं ढकललं तर माणूस पडतो आणि उठतो. पण याला तिनं हात धरून शिकवलं, घरात घेतलं, आणि यानं केसानं गळा कापला. एरंडोलच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. उतरावं, त्याचं घर शोधावं, त्याच्या आईसमोर उभं राहून विचारावं, असं तिला इतकं वाटलं की तिनं पिशवी उचललीसुद्धा. मग मनात आलं, विसरला असेल पोरगा. परीक्षेच्या घाईत नाव राहिलं असेल. असं म्हणून तिनं पिशवी खाली ठेवली, आणि लगेच तिला उमगलं: विसरला असता तर 'मळकी' कसं आठवलं? तिथं मात्र ती रडली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, कोनी गयं का बाई? ती म्हणाली, हो.

घरी मंगा म्हणाला, जाऊ दे, दुसरं काम मिळेल. तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

एक तारखेला नवा माणूस आला. बारावी पास, नीट भांग पाडलेला, खिशाला पेन. रिपोर्टची प्रत त्याच्या हातात होती. त्यानं खोड्यांतल्या सगळ्या घड्या चिमट्यानं उचलून कचऱ्याच्या बादलीत टाकल्या. बिजलीबाई दारात उभी राहून बघत होती. म्हाताऱ्या ससिणीनं पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावलं होतं. तिच्या खाच पडलेल्या कानाला बिजलीबाईनं एकदा बोट लावलं, आणि मग ती पत्र्याच्या फाटकातून बाहेर पडली ती मागं वळली नाही.

पुढं दिवाळी आली, गेली. बिजलीबाई वरखेडीच्या रस्त्यावरच्या एका मळ्यात कापूस वेचायला जायची. संध्याकाळी मालक बोट दाखवायचा, तू ये, तू नको. डिसेंबरात एका दुपारी ती अंगणात कांदे निवडत बसली होती आणि दारात लुना थांबली.

"अक्का!"

वाल्मीक होता. जरा वाळला होता, मिशी ठेवली होती. थंडीसाठी गळ्यात टॉवेल गुंडाळला होता. तिनंच दिलेला. तिला ओळखू आला. तिचे हात कांद्यावरच थबकले. ती 'ये' म्हणाली नाही, 'जा' पण म्हणाली नाही. तो आपणहून तिच्यासमोर उकिडवा बसला आणि भडाभडा बोलायला लागला.

कारखान्यात हाहाकार होता. नवा माणूस आल्यापासून ससे खोड्यात बसले की तापतात. चांगले लॉट नापास होतात. रिपोर्टात लिहिलंय म्हणून मऊ, जुनं सुती कापड आणून ठेवलं, बाजारातून गठ्ठाच आणला, पण ससे त्याला हुंगतात आणि जास्तच धडपडतात. आता जळगावची मंडळी म्हणतात, रिपोर्टच खोटा आहे. आणि वाल्मीकला तर त्याच रिपोर्टवर तिथं नोकरी मिळायची होती. येत्या सोमवारी शेठजी आणि कॉलेजचे सर येणार. त्यांच्यासमोर त्यानं तीन ससे शांत बसवून दाखवायचे.

"दखाडं तर मनी नोकरी कायम, अक्का," तो म्हणाला. "नही तर बठ्ठं, सगळंच गयं."

कायम. तो शब्द त्यानं तिच्या अंगणात बसून तिच्यासमोर उच्चारला, आणि त्याला काही वाटलं नाही.

तिनं कांदा खाली ठेवला. "मनं नाव काबरं नही लिखं?"

 तो लुनाच्या किल्लीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "तठे उणिवासनं एक पान लागस, अक्का. सर बोलनात, काही तरी लिखनंच पडस. आनी बठ्ठं तूच दखाडं असं लिखं, तर मना अभ्यास कोनता? मी इचारच नही करा." आणि खरंखुरं नवल वाटून त्यानं विचारलं, "तुले वाईट वाटनं का?"

काय बोलावं अशा माणसाला? तिला वाटलं होतं, यानं ठरवून घात केला असेल, रात्रंदिवस त्याला ते टोचत असेल. तसं काही नव्हतं. एक पान भरायचं होतं, म्हणून त्यात ही गेली. घात केल्याचं त्याच्या गावीही नव्हतं. बिजलीबाईला ते त्या 'मळकी'पेक्षाही जास्त लागलं.

"मंग आते काय जोयजे तुले?"

त्याचा चेहरा उजळला. "तुनं एखादं जुनं लुगडं दे. तेच कापड जोयजे. बजारनं चालस नही. काही तरी सूत वेगळं शे त्यानं."

सूत! बिजलीबाई त्याच्याकडं बघतच राहिली. सहा आठवडे हा तिच्याजवळ बसला. ससा घडीत नाक खुपसतो, हुंगतो, मग डोळे मिटतो, हे त्यानं शंभर वेळा बघितलं. तिनं सांगितल्यावर वासाचा साबण सोडला. तरी याला वाटतंय ते सूत आहे. चिमटीत धरून मऊ म्हणाला तो तिथंच राहिला. एक शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. वास, रे भाऊ. मना वास. एवढंच म्हणायचं होतं.

तेवढ्यात तो म्हणाला, "पन धुईसन दे हां, अक्का. सोडा टाकीसन चांगलं उकाळ. रिपोर्टमा तसंच लिखेल शे, सर देखतीन."

तिनं खाली ठेवलेला कांदा पुन्हा उचलला. मग तिनं शांतपणे विचारलं, "उकाळीसनच जोयजे?"

"हा. बठ्ठा मळ जावाले पाहिजे."

"बरं. सकाय ये, लई जाय."

तो उठला, खूश होऊन गेला. बिजलीबाई घरात गेली. खुंटीवर तिचं रोजचं लुगडं होतं, दहा दिवस कापूस वेचताना नेसलेलं. तिनं ते काढलं आणि सवयीनं नाकाशी धरलं. घाम, माती, चुलीचा धूर. तिला म्हातारी ससीण आठवली. सोमवारी तिला खोड्यात घालतील. ती आधी नाक खुपसेल, शोधेल, परत शोधेल, आणि तिला तिथं नुसता सोडा लागेल.  बिजलीबाईनं तीन विटा मांडल्या, घमेल्यात पाणी ठेवलं, लाकडं सारली, तरी लुगडं हातातच होतं. दुसरं एखादं आधीच धुतलेलं द्यावं का? की हेच न धुता तसंच द्यावं, ससिणीसाठी? मंगा बघत होता, तो म्हणाला, अगं पाणी उकळलं. त्या लेकराचा काय दोष, ती पुटपुटली. मंगाला वाटलं ती वाल्मीकबद्दल बोलतेय.

मग तिला पंखा आठवला, निळा पुठ्ठा आठवला, आणि प्रमिलाबाईंचा कापरा आवाज. मळकी असून ती धुतली जात नाहीत. तिनं लुगडं पाण्यात सोडलं. सोडा टाकला, पुन्हा मूठभर टाकला. काठीनं वरखाली केलं, दगडावर आपटलं, साबण लावला, तीन पाण्यांतून काढलं. इतकं निगुतीनं तिनं आपलं लग्नाचं लुगडंही धुतलं नव्हतं. दोरीवर टाकलं तेव्हा ते उन्हात नव्यासारखं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाल्मीक आला. तिनं घडी करून त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलगडून उजेडात धरली, नाकाशी नेली आणि हसला.

"वा, अक्का! कसा सोच्छ वास येस."

त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला. ह्या खेपेला तिनं पाय मागं घेतले नाहीत, पण हात त्याच्या डोक्यावर ठेवलाही नाही. लुगडं पिशवीत घालून, टॉवेल गळ्याशी नीट गुंडाळून त्यानं लुना चालू केली. फाट्यापर्यंत गेला आणि काहीतरी आठवून मागं वळून आला. शेवटचं विचारून घ्यावं, पोरगा हुशार होता.

"अक्का, आखो काही सांगनं शे का?"

बिजलीबाई दारात उभी होती. अंगावर धुवट पातळ, हातात कामाला न्यायची भाकरी. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं.

"नही रे भाऊ," ती म्हणाली. "बठ्ठं लिखेलच शे ना."